एमएस, ‘बेजार’ आणि जूनपासून कोरी पडलेली वही

उद्यमबागची_हिशेबनीस | ८ डिसेंबर, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथं नुसती वाचत बसलेय, लिहायचा धीर आज झाला. लांबलं तर चालवून घ्या.

वय ३७. जन्म, शाळा, सासर सगळं बेळगावातच. वडगाव सोडून टिळकवाडीत आले, एवढंच काय ते स्थलांतर. उद्यमबागेत एका फौंड्रीत अकाउंट्स बघायचे. २०१९ च्या गणपतीत डाव्या डोळ्यापुढं धुकं आलं. डोळा फिरवला की आत दुखायचं, आणि जास्वंदीचा लाल रंग त्या डोळ्यानं विटकरीसारखा दिसायचा. चष्मेवाल्यानं नंबर बदलून दिला, धुकं तसंच. मग एमआरआय, पाठीतलं पाणी, आणि मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, हे नाव घरात आलं. सासूबाई अजून ‘तिचं ते मल्टिपल’ असंच म्हणतात. २०२१ मध्ये उजवा पाय गेला, सलाइनमधून स्टिरॉइड दिल्यावर बराचसा परत आला. आता सहा महिन्यांनी एकदा इंजेक्शन असतं. गेल्या दोन एमआरआयमध्ये नवा डाग नाही. जिना चढते, पाय थोडा घासतो. कागदावर माझं उत्तम चाललंय.

आता मुद्द्याचं. लग्न झाल्यापासून तेरा वर्षं मी रोज रात्री घरखर्चाची वही लिहिते. पाय गेला त्या आठवड्यातसुद्धा यजमानांकडून वही दवाखान्यात मागवून घेतली होती. सलाइन लावलेल्या हातानं ‘शहाळे ४०’ लिहिलेलं आहे, अक्षर मुंगीचे पाय. परवा गॅस कधी आला ते बघायला वही उघडली, तर शेवटची नोंद १४ जूनची. ‘भेंडी २०, रिक्षा ६०.’ खाली बेरीज नाही. पुढची पानं कोरी. सहा महिने मी वही लिहिली नाही आणि हे मला कळलंसुद्धा नाही.

रडू येत नाही. वाईट वाटतं म्हणावं तर तेही नाही. कुंदा आणला तर खाते, गोड लागतो, पण आपण होऊन हात जात नाही. फोन वाजला की थांबेपर्यंत त्याच्याकडं बघत बसते. पहाटे साडेतीनला जाग येते आणि पंखा मोजत बसते (तीनच पाती आहेत, तरी).

घरातले वाईट नाहीत, उलट फारच सांभाळून घेतात. सगळ्यांचं एकच, ‘एवढं मोठं दुखणं मागं लागल्यावर असं व्हणारच की गं.’ या वाक्यानंतर बोलायला काही उरतच नाही. व्हणारच म्हटल्यावर सांगायचं काय आणि कुणाला?

मेंदूच्या डॉक्टरांना सांगून बघितलं. माणूस चांगला, पण बाहेर साठ जण बसलेले. त्यांनी कन्नडमधून विचारलं, ‘बेजार आगैतेनु?’ मी म्हटलं, ‘हौदरी, थोडं.’ त्यांनी मान हलवली, पाय ठोकून बघितला, पुढच्याला हाक. बेजार हा शब्द त्यांच्याकडंही आहे, आपल्याकडंही आहे. घरी येताना रिक्षात वाटलं, त्यांचा बेजार म्हणजे कंटाळा, माझा बेजार म्हणजे हे सगळं, आणि दोघांनी एकच शब्द वापरून एकमेकांना काहीच सांगितलं नाही.

विचारायचं एवढंच आहे. हे एमएस आहे की मी आहे? कुणाकडं जायचं? ‘पॉझिटिव्ह राहा’ एवढं कृपा करून लिहू नका.

---

निपाणीची_वैनी | ९ डिसेंबर, सकाळी ६:१५

ताई, तुमची वही वाचली आणि चहा गार झाला.

आमच्यात दुखणं मिस्टरांना आहे, नववं वर्ष. ते तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. तुमचं गप्प होणं आहे, आमच्याकडं उलटं झालं. आमटीत मीठ कमी म्हणून ताट भिरकावलं, आणि लग्नाला पंधरा वर्षं झाली तोवर त्या माणसानं ‘अगं’च्या वर आवाज चढवला नव्हता. पोरं त्यांच्या खोलीपुढनं चवड्यावर चालायची. मी दीड वर्ष हेच समजले की पुरुष माणूस, घरी बसायची पाळी आली, राग येणारच. म्हणजे तुमच्या घरच्यांचंच वाक्य मी माझ्या घरात म्हणत होते.

शेवटी फिजिओथेरपी देणाऱ्या मुलीनं सांगितलं, काकी, काकांचं स्नायूंचं काम ठीक चाललंय पण ते व्यायाम मोजताना तीनच्या पुढं जात नाहीत, एकदा मनाच्या डॉक्टरांना दाखवा. मी तिच्यावरच चिडले होते तेव्हा. पुरुषांची उदासी चिडचिडीच्या वाटेनं बाहेर येते हे तिथं गेल्यावर कळलं.

आता ते आमटीत मीठ कमी असलं तर सांगतात. ताट जागेवर असतं.

---

हसतमुख_अण्णा | ९ डिसेंबर, सकाळी ७:०२

ताईसाहेब, राग मानू नका, पण हे सर्व मनाचे खेळ आहेत. पहाटे साडेतीनला जाग येते म्हणता, तो ब्राह्ममुहूर्त जवळच! उठून नामस्मरण करा, अर्धा तास चाला, मोबाइल बंद. माझ्या मेहुण्याला बायपासनंतर असेच झाले होते, आता ठणठणीत. गोळ्यांच्या नादी लागलात तर जन्माची सवय लागेल.

---

गोवावेसचा_औषधवाला | ९ डिसेंबर, सकाळी ९:४०

अण्णा, चालण्याचं बरोबर बोललात, बाकीचं मी जरा खोडतो. काउंटरमागं एकवीस वर्षं काढलीत.

उदासीनतेच्या गोळ्यांना अजून सगळे ‘झोपेची गोळी’ म्हणतात. दोन वेगळ्या गोष्टी. रोज घेऊन ज्यांची सवय लागू शकते त्या झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्या वेगळ्या, नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्या वेगळ्या. या दुसऱ्यांचं व्यसन लागत नाही, पण त्या एकदम बंदही करायच्या नसतात. डॉक्टर हळूहळू उतरवतात. आणि गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. माझ्याकडं निम्मे लोक दहाव्या दिवशी येतात, ‘फरक न्हाई, पैसे गेले’ म्हणून. पहिल्या आठवड्यात मळमळ आणि डोकं जड होतं ते मात्र जाणवतं. म्हणजे त्रास आधी, गुण नंतर. गिऱ्हाईक तुटतं ते इथंच.

एमएसवाल्यांसाठी आणखी एक. पाय आखडतात म्हणून बॅक्लोफेन चालू असेल तर तीही मनानं बंद करू नका, अचानक थांबवली तर झटके येण्यापर्यंत जाऊ शकतं. आणि अटॅक आल्यावर स्टिरॉइडचे मोठे डोस देतात, सहसा रोज १ ग्रॅम, तीन ते पाच दिवस. त्या दिवसांत काही जण रात्रभर जागे, बडबडे, एकदम हुशारीत येतात आणि डोस संपला की धाडकन खाली. घरच्यांना आधीच सांगून ठेवलं तर घाबरत नाहीत.

शहापूरचं गिऱ्हाईक ही गोळी घ्यायला माझ्याकडं गोवावेसला येतं आणि इथलं गिऱ्हाईक शहापूरला जातं. दोन्हीकडचे दुकानदार ओळखतात, बोलत कुणी नाही.

---

चिकोडीकर_रेसिडेंट | ९ डिसेंबर, रात्री १०:२०

मी मानसोपचार शिकतोय, दुसरं वर्ष. इथं कुणाला गोळी सुचवणार नाही, तेवढं सोडून जे सांगता येतं ते सांगतो.

हिशेबनीस ताई, ‘हे एमएस आहे की मी आहे’ याचं उत्तर दोन्ही असं आहे. एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या मज्जातंतूंच्या आवरणावर, मायलिनवर, हल्ला करते. ज्या मेंदूतून पायाला हुकूम जातो, त्याच मेंदूत मनःस्थिती राखणाऱ्या जोडण्या आहेत. डाग तिथंही पडतात. शिवाय सूज आणणारी जी रसायनं या आजारात सुटतात, त्यांचाही मूडवर परिणाम होतो असं पुष्कळ संशोधन सांगतं. आणि नोकरी गेली, पाय घासतो, पुढं काय होईल कळत नाही, हे ओझं आहेच. हे धागे सुटे करून दाखवणं आम्हालाही जमत नाही आणि उपचारासाठी त्याची गरजही नसते.

एमएस असलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्या लोकांना आयुष्यात कधी ना कधी उपचार घ्यावेत इतकं नैराश्य येतं. सर्वसाधारण लोकांच्या मानानं हे दोन-तीन पट आहे. आणि अपंगत्व जेवढं जास्त तेवढं नैराश्य जास्त असा सरळ हिशेब इथं लागत नाही. व्हीलचेअरवरचा माणूस बरा असतो आणि एमआरआय स्वच्छ असलेली, जिना चढणारी बाई खोल गेलेली असते. त्यामुळं ‘कागदावर उत्तम’ याला इथं फार अर्थ नाही.

घरच्यांच्या त्या वाक्याबद्दल. दुखण्यामुळं वाईट वाटणं साहजिक आहे हे खरं. पण पाय मोडला की दुखणं साहजिकच असतं, म्हणून कुणी प्लास्टर घालायचं थांबत नाही. कारण समजलं म्हणजे उपचार नको, हा हिशेब मनाच्या बाबतीतच कसा काय लावतात, मला अजून कळलेलं नाही. आमच्या वॉर्डातही लावतात, डॉक्टरसुद्धा.

निदान अवघड का जातं तेही सांगतो. नैराश्याच्या प्रश्नावलीत थकवा, झोप, भूक, लक्ष न लागणं हे सगळं विचारतात. एमएसमध्ये यातलं बरंचसं नैराश्य नसतानाही असतं. म्हणून नुसत्या गुणांवर जाता येत नाही. आम्ही दोन गोष्टी जास्त खोदून विचारतो: गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन खचलेलं होतं का, आणि जे आवडायचं त्यातला रस गेलाय का. एमएसचा थकवा सहसा दुपारनंतर आणि उकाड्यात वाढतो, आणि त्यात माणसाला करायचं असतं पण अंग उचलत नाही. तुमच्या वहीचंच घ्या. लिहायची होती आणि हात चालला नाही, असं झालं की लिहायचं मनातच आलं नाही?

---

उद्यमबागची_हिशेबनीस | ९ डिसेंबर, रात्री ११:३५

मनातच आलं नाही.

(हे लिहायला वीस मिनिटं लागली.)

---

चिकोडीकर_रेसिडेंट | ९ डिसेंबर, रात्री ११:४८

मग थांबू नका. मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. जाताना एमएसच्या सगळ्या औषधांची यादी न्या, कारण काही औषधांचा मूडशी संबंध असतो. इंटरफेरॉनच्या माहितीपत्रकात नैराश्याचा इशारा छापलेलाच असतो. थायरॉइड, बी-१२, ड जीवनसत्त्व तपासतील, तेही होऊ द्या. उपचारात गोळ्या आहेत, बोलून करायचा उपचार आहे, आणि व्यायाम आहे (अण्णांना तेवढे गुण द्यायला हवेत, एमएसमध्ये व्यायामाचा मूडवर खरंच उपयोग दिसलाय). बोलण्याचा उपचार, ज्याला सीबीटी म्हणतात, तो एमएसच्या रुग्णांना फोनवरून देऊनही फायदा झाल्याचं अभ्यासात दिसलं आहे. पाय घासत पंचवीस पायऱ्या चढण्यापेक्षा हे बरं.

आणि डॉक्टरांना ‘बेजार’ म्हणू नका. ‘जूनपासून वही लिहिली नाही’ असं सांगा. वही घेऊनच जा.

---

शब्दप्रेमी_अनगोळ | १० डिसेंबर, सकाळी ८:१०

विषय गंभीर आहे, पण राहवत नाही म्हणून. इथं नैराश्य, उदासीनता, खिन्नता, डिप्रेशन सगळं एकत्र फिरतंय. नैराश्य म्हणजे आशा संपणं. उदासीन म्हणजे खरं तर तटस्थ, अलिप्त. ताईंनी जे लिहिलंय ते मला औदासीन्याच्या जवळचं वाटतं, नैराश्य नव्हे. गंमत म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या कन्नड फलकावर ‘खिन्नते’ असं लिहिलेलं असतं, आपली ‘खिन्नता’च की. एरवी पाटीवरून भांडणारे आपण, या एका शब्दावर दोघांचं जुळतं.

---

निपाणीची_वैनी | १० डिसेंबर, सकाळी ८:३१

शब्द कुठलाही वापरा हो, आमच्याकडं ‘यांचं डोकं फिरलंय’ याच्या पलीकडं कुणी जात नव्हतं.

---

खानापूरचा_पावसाळा | १० डिसेंबर, दुपारी ३:२५

मी या धाग्यावर सगळ्यात जुना दिसतोय. २००३ ला निदान झालं, तेव्हा मी २६ चा. आता काठी आणि लांब जायचं असेल तर खुर्ची.

मला वेगळंच सांगायचंय. आठ वर्षांमागं थोरल्या काकांचा दहावा मलप्रभेच्या काठावर. पिंडाला कावळा शिवेना. सगळे शांत उभे, भटजी आकाशाकडं बघताहेत, चुलतभाऊ हात जोडून म्हणतोय काय इच्छा राहिली असेल ती पुरी करीन. आणि मला हसू फुटलं. साधं नव्हे, पोट धरून, आवाज करून. मला हसण्यासारखं काहीच वाटत नव्हतं, काकांनी मला सायकल शिकवलेली. थांबवायला गेलो तर आणखी आलं, आणि त्याच हसण्याचं मधेच रडणं झालं. भावकीनं जे समजायचं ते समजलं. चुलतभाऊ दोन वर्षं बोलत नव्हता.

त्यानंतर मी कार्याला जायचंच सोडलं. बारसं नको, लग्न नको. बायकोला वाटलं डिप्रेशन, मलाही वाटलं डिप्रेशन. बेंगळुरात दाखवलं तेव्हा कळलं की हे निराळं: आतल्या भावनेचा आणि बाहेरच्या हसण्या-रडण्याचा दुवा मेंदूत तुटतो, त्यामुळं कारण नसताना झटका येतो. रेसिडेंट साहेब नाव सांगतील. गोळीनं ते खूपच आटोक्यात आलं. पण चार वर्षं लोकांना टाळून टाळून खरं डिप्रेशनही येऊन बसलं होतं, त्याचा इलाज वेगळा करावा लागला.

आणखी एक, नवीन लोकांसाठी. नरकचतुर्दशीला पहाटे कढत पाण्यानं अभ्यंगस्नान केलं आणि न्हाणीघरातच पाय गेले, नजर पुसट. सणाच्या दिवशी नवा अटॅक आला म्हणून घरात रडारड. खरं तर उष्णतेनं मायलिन उडालेल्या मज्जातंतूतून संदेश आणखी मंद जातात. अंग गार झालं की परत येतं. माझं तासाभरात आलं. उथॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरनं हे १८९० मध्येच लिहून ठेवलंय. हे माहीत नसल्यामुळं मी दर एप्रिल-मे मध्ये ‘संपलो आता’ म्हणून मनानं खाली जायचो. आता कोमट पाण्यानं आंघोळ, उन्हाळ्यात ओला पंचा मानेवर, आणि उटणं तेवढं लावतो.

---

चिकोडीकर_रेसिडेंट | १० डिसेंबर, रात्री ९:०५

काका, त्याला स्यूडोबल्बर अफेक्ट म्हणतात. एमएसमध्ये साधारण दहातल्या एकाला होतं. शार्को, ज्यानं १८६८ मध्ये हा आजार नीट ओळखून वेगळा मांडला, त्यानंही आपल्या रुग्णांच्या अशा विनाकारण हसण्या-रडण्याची नोंद केली होती. तुमच्या चुलतभावाला हे दाखवा.

---

खानापूरचा_पावसाळा | १० डिसेंबर, रात्री ९:१२

दाखवलं. म्हणाला, तुझ्या त्या शार्कोला कावळा शिवला का विचार.

---

चंदगडी_गडी | ११ डिसेंबर, रात्री १:४०

मी हद्दीच्या पल्याडचा, चंदगड. पण दवाखाना आमचा बेळगावच, म्हणून लिवतोय. शुद्धलेखन बघू नका.

माझ्या थोरल्या आक्काला हे दुखणं हाय. मागच्या पावसाळ्यात ती सारखी म्हणूलीती, ‘मी नसलो तर तुमचं बरं हुईल’. आम्ही म्हटलं असं बोलू नकोस, अभद्र. मग ती बोलायची बंद झाली आणि आम्हाला वाटलं बरी झाली. तिच्या कपाटातनं तिनं आपले दागिने काढून भाचीच्या नावानं पुड्या बांधून ठेवलेल्या दिसल्या तवा माझं धाबं दणाणलं.

मी त्या रात्री तिला सरळ इचारलं. आक्का, जीव द्यायचा इचार येऊलाय काय? मला वाटलं मी इचारलं म्हणून तिच्या डोक्यात भरंल. ती रडली आणि म्हणाली, किती दिस झाले कुणीतरी इचारंल म्हणून. ते सांगायसाठी हे लिवूलोय. इचारल्यानं कुणी मरत न्हाई.

रातीचे दोन वाजलेले, गाडी न्हाई. १४४१६ ला फोन केला. मराठीत बोलतात. पलीकडची बाई पाऊण तास आक्काशी बोलली, मग माझ्याशी. गोळ्यांचा डबा माझ्याजवळ ठेवायला सांगितलं, रात्री एकटी सोडू नका म्हटलं. सकाळी गाडी करून दवाखाना. आता दर महिन्याला जातो.

---

चिकोडीकर_रेसिडेंट | ११ डिसेंबर, सकाळी ७:३०

भाऊ, बरोबर केलंत. विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात आणि तुम्ही रात्री दोनला आपलं आपण शोधलंत. एमएसमध्ये आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून ‘मी ओझं झालोय’, ‘मी नसतो तर’ हे वाक्य ऐकलं की अभद्र म्हणून दाबू नका. आवराआवर, निरवानिरव दिसली तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. १४४१६ म्हणजे टेलिमानस, केंद्र सरकारची सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून. चोवीस तास, फुकट, कन्नड आणि मराठी दोन्ही. कर्नाटकच्या सिमवरून लावलात आणि कन्नडमधून सुरू झालं तर मराठी हवी म्हणून सांगा.

---

हसतमुख_अण्णा | ११ डिसेंबर, सकाळी ७:५५

चंदगडच्या भावाचे वाचून गप्प झालो. माझे पहिले वाक्य मागे घेतो. चालण्याचे ठेवतो.

---

कॅम्पातली_लेक | ११ डिसेंबर, दुपारी १२:१५

कागदपत्रांचं कुणी लिहिलं नाही म्हणून. माझ्या आईसाठी हे सगळं पळून झालंय.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यात मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव आहे. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) निघतं, बहुतेक सवलतींना ४० टक्के लागतात. अर्ज ऑनलाइन, तपासणी सरकारी दवाखान्यात. आमच्या वेळी खिडकीवरच्या माणसानं यादीत हे नाव नाहीच म्हणून परत पाठवलं होतं. मी दुसऱ्या दिवशी यादी छापून नेली आणि बोट ठेवून दाखवलं.

आरोग्यविमा असेल तर २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं. एजंट ‘ते कव्हर होत नाही’ म्हणाला तर लेखी मागा. आमच्या एजंटचा आवाज लेखी म्हटल्याबरोबर मऊ झाला.

दवाखान्याचं म्हणाल तर मनाचे डॉक्टर बेळगावातही आहेत. मनाचे आणि मेंदूचे दोन्ही एका छताखाली हवे असतील तर धारवाडची मानसिक आरोग्य व न्यूरोविज्ञान संस्था आहे, डिमहान्स म्हणतात. बेळगावपासून दीड तास धरा. बेंगळुरूच्या निमहान्सला आम्ही एकदा निदान पक्कं करायला गेलो होतो, रात्रीच्या गाडीनं. आणि मुंबईची मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी आहे, १९८५ पासूनची, त्यांच्याकडं इतर रुग्णांशी बोलायला मिळतं. माझी आई एका सोलापूरच्या बाईंशी फोनवर बोलते. दुखण्यावर कमी, भाकरीच्या पिठावर जास्त. तरी तो वार चुकवत नाही.

भाषेबद्दल. आईला कन्नड समजतं, पण मनातलं बोलायची वेळ आली की तिला फक्त मराठी येतं. समुपदेशक चांगल्या होत्या, फक्त कन्नड. मी मध्ये बसून भाषांतर करत होते आणि लक्षात आलं की आई माझ्यादेखत खरं सांगणारच नाही, कारण अर्धी तक्रार माझीच होती! मराठी समजणारे डॉक्टर आहेत का, हे अपॉइंटमेंट घेतानाच विचारा. सीमाप्रश्न नाही हा, लेकीपुढं आईचं तोंड उघडत नाही एवढाच प्रश्न आहे.

---

शब्दप्रेमी_अनगोळ | ११ डिसेंबर, दुपारी १:०५

सोलापूरची भाकरी आणि आपली भाकरी यावर वेगळा धागा काढा.

---

निपाणीची_वैनी | १४ डिसेंबर, संध्याकाळी ७:४०

एक राहिलं. सांभाळणाऱ्यांचं कुणी विचारत नाही. मिस्टरांची तपासणी झाल्यावर डॉक्टर माझ्याकडं वळून म्हणाले, ‘आणि तुमची झोप?’ मी म्हटलं माझं काय, मी ठीक. आणि तिथंच रडले. यांना त्या दिवशी एक चिठ्ठी मिळाली आणि मला एक. मी गोळी घेतली नाही, महिनाभर बोलायला गेले फक्त. बुधवारी दुपारी जाऊ म्हणजे मुलांना कळत नाही, असा माझा बेत होता. मुलाला पहिल्याच बुधवारी कळलं. म्हणाला, येताना भडंग आण.

---

उद्यमबागची_हिशेबनीस | २ फेब्रुवारी, रात्री १०:१५

मंडळी, सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देता आलं नाही. आता लिहिते.

वही घेऊन गेले. कॅम्पातल्या लेकीनं सांगितल्याप्रमाणं आधी फोन करून मराठी समजतं का विचारलं. बाई डॉक्टर, माहेर सौंदत्तीकडचं, मराठी मोडकं पण चालतं. मी वही उघडून टेबलावर ठेवली. त्यांनी १४ जूनचं पान बघितलं, मग मागं उलटत गेल्या, २०२१ पर्यंत. ‘शहाळे ४०’ पाशी थांबल्या. म्हणाल्या, पाय गेला तेव्हा लिहिलंय आणि पाय आल्यावर नाही. एवढंच. मग पाऊण तास प्रश्न. शेवटचा चंदगडच्या भावानं विचारला तोच होता, तितकाच सरळ. माझं उत्तर ‘नाही, पण सकाळी उठायची इच्छा नसते’ असं होतं, तेही त्यांनी लिहून घेतलं.

बी-१२ कमी निघालं, त्याची इंजेक्शनं झाली. गोळी सुरू होऊन सात आठवडे झाले. पहिले दहा दिवस औषधवाले दादा म्हणाले तसेच गेले, मळमळ आणि ‘सोडून द्यावं’. दुकानाच्या पायरीपर्यंत जाऊन आले होते, तुमच्याच नव्हे, शहापूरच्या. दर गुरुवारी संध्याकाळी फोनवर अर्धा तास बोलणं असतं. समुपदेशन करणाऱ्या मुली घरचा अभ्यास देतात, रोज एक छोटी गोष्ट ठरवून करायची आणि करण्याआधी-नंतर मन कसं होतं त्याला दहापैकी गुण द्यायचे. मला गुण देणं जमतं, अकाउंट्सवाली आहे.

बरी झाले असं नाही. साडेतीनची जाग साडेचारवर आलीय. मागच्या आठवड्यात दोन दिवस परत तसेच गेले, सगळं करून व्यर्थ वाटलं. तिसऱ्या दिवशी उठले.

सासूबाईंना यजमानांनी हा धागा वाचून दाखवला, माझं नाव न सांगता. खानापूरच्या काकांच्या कावळ्यापाशी त्या हसल्या. मग म्हणाल्या, ‘ही टिळकवाडीची म्हणजे आपलीच काय रे?’

परवा वही लिहिली. ‘दूध ५२, कोथिंबीर १०, रिक्षा ८०.’ बेरीज १३२ लिहिली. यजमानांनी बघून ‘दहा कमी आलेत’ म्हटलं आणि मी त्यांच्यावर ओरडले, माझ्या वहीत डोकं घालू नका म्हणून.

---

निपाणीची_वैनी | २ फेब्रुवारी, रात्री १०:२२

ओरडलीस! कोथिंबिरीचे दहा राहिले बघ.

---

उद्यमबागची_हिशेबनीस | २ फेब्रुवारी, रात्री १०:३०

हो. खाली नवीन बेरीज केलीय, १४२. जुनी खोडली नाही.

---

चंदगडी_गडी | ३ फेब्रुवारी, सकाळी ६:०५

ताई, त्या डॉक्टर बाईंचा वार कुठला? आक्काला मराठीतनं बोलायचंय म्हणूलीय. आमची पहिली बस साडेनवाला पोचते, तोवर नंबर लागंल काय?